उद्याच्या गाडीला कोण लागतं?

१ जून २००९ रोजी सकाळी न्यूयॉर्कच्या दक्षिण टोकाला, बोलिंग ग्रीन इथल्या दिवाळखोरी न्यायालयात एक अर्ज दाखल झाला. अर्जदारांच्या यादीत पहिलं नाव होतं ‘शेवरोले-सॅटर्न ऑफ हार्लेम’. हार्लेम हा मॅनहॅटनचा उत्तरेकडचा भाग, आणि ही तिथली मोटारविक्रीची एक शोरूम. तिच्या मागोमाग तिची मालक कंपनी उभी होती : जनरल मोटर्स कॉर्पोरेशन. जनरल मोटर्सचं मुख्यालय डेट्रॉइटमध्ये, नोंदणी डेलावेअर राज्यात. पण अवाढव्य कंपन्यांची प्रकरणं झपाट्याने हाताळण्याचा सराव न्यूयॉर्कच्या न्यायालयाला होता, आणि तिथे शिरायला तिथली एखादी उपकंपनी लागत होती. ती गरज या शोरूमने भागवली.

अर्जात मालमत्ता दाखवली होती ८२.२९ अब्ज डॉलरची आणि देणी १७२.८१ अब्ज डॉलरची. कारखानदारीतली इतकी मोठी दिवाळखोरी अमेरिकेने तोवर पाहिली नव्हती. आणि तरीही अवघ्या चाळीस दिवसांत, १० जुलैला, याच नावाची एक नवी कंपनी कर्जाचा बहुतेक बोजा मागे टाकून न्यायालयाबाहेर पडली. चांगले कारखाने, चांगले ब्रँड, गाड्यांचे आराखडे, बहुतेक कामगार तिच्याकडे गेले. जुन्या कंपनीचं नाव बदलून ‘मोटर्स लिक्विडेशन कंपनी’ झालं आणि बंद कारखाने, दूषित जमिनी, जुने खटले आणि न फिटणारी कर्जं तिच्या पदरात राहिली.

एवढी मोठी कंपनी बुडते तेव्हा कुणाचे किती पैसे बुडतात, हा प्रश्न साधा वाटतो. त्याचं पुस्तकी उत्तरही तयार आहे. कायद्याने रांग लावून दिलेली असते, त्या रांगेप्रमाणे पैसे मिळतात. जनरल मोटर्सच्या प्रकरणाचे कागद वाचत गेलं की दुसरंच काही दिसू लागतं. ज्याच्यावाचून उद्याची गाडी लाइनवरून बाहेर पडणार नव्हती, त्याचे पैसे वाचले. ज्याचं काम कालच संपलं होतं, त्याला रांग दाखवण्यात आली. हा नियम कुठल्या कलमात लिहिलेला नाही. पण डेट्रॉइटपासून आपल्या तळेगावापर्यंत तो लागू पडलेला मला दिसतो, म्हणून हा लेख.

*

कंपनी बुडाली कशी, हे थोडक्यात. विल्यम ड्युरंट याने १९०८ मध्ये मिशिगनमधल्या फ्लिंट गावी ती स्थापन केली. १९७९ मध्ये एकट्या अमेरिकेत तिचे सहा लाखांहून अधिक नोकर होते. नंतरच्या तीस वर्षांत जपानी कंपन्यांनी बाजार खाल्ला, कारखाने कमी झाले, पण निवृत्तांची संख्या वाढत गेली. त्यांचं पेन्शन आणि आजारपणाचा खर्च कंपनीच्या माथी होता. दर गाडीमागे आरोग्यखर्चाचे सुमारे दीड हजार डॉलर पडतात, असा हिशेब तेव्हा सर्रास मांडला जाई. नफा यायचा तो मोठ्या, पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांतून. २००८ च्या उन्हाळ्यात पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेलं आणि त्या गाड्या शोरूममध्ये पडून राहिल्या. सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स कोसळली, कर्जं मिळेनाशी झाली आणि अमेरिकेत तर बहुतेक गाड्या कर्जावरच खपतात. २००८ या एका वर्षाचा तोटा होता ३०.९ अब्ज डॉलर. डिसेंबरात अध्यक्ष बुश यांनी १३.४ अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर केलं. मार्चमध्ये ओबामांच्या पथकाने प्रमुख रिक वॅगनर यांना पायउतार व्हायला लावलं. त्यानंतर दोन महिन्यांत अर्ज.

*

रांगेत सर्वांत शेवटी उभे असतात भागधारक. कंपनीचे मालक म्हणवले जातात तेच. २००० साली जनरल मोटर्सचा शेअर नव्वद डॉलरच्या वर होता. अर्जाच्या आधीच्या शुक्रवारी तो ७५ सेंटवर बंद झाला. १९२५ पासून सलग डाऊ जोन्स निर्देशांकात असलेली ही कंपनी ८ जूनला त्यातून वगळली गेली आणि तिच्या जागी सिस्को आली. भागधारकांना नव्या कंपनीत काहीही मिळालं नाही.

मला जास्त अस्वस्थ करते ती पुढची गोष्ट. अर्ज दाखल झाल्यावरही जुन्या शेअरचे सौदे चालूच राहिले. या शेअरला शेवटी काही मोल उरणार नाही, असं कंपनी स्वतः बजावत होती. तरी लोक घेत होते, कारण वर्तमानपत्रांत रोज ‘जनरल मोटर्स सावरतेय’ अशा बातम्या होत्या. सावरत होती ती नवी कंपनी. लोकांच्या हातात कागद होता तो जुनीचा. शेवटी नियामकांना सौदे थांबवून चिन्ह बदलावं लागलं. आपल्याकडे २०२१ मध्ये मुंबईच्या दिवाण हाउसिंग फायनान्सचं असंच झालं. कंपनी दुसऱ्याने घेतली ही बातमी खरी होती, पण मंजूर योजनेत जुन्या शेअरचं मूल्य शून्य होतं आणि हे कळायच्या आत, किंवा कळूनही, अनेकांनी स्वस्त मिळतो म्हणून तो घेतला होता. कंपनी वाचणं आणि शेअर वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कुठल्याही दलालाने गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

भागधारकांच्या पुढे रोखेधारक. जनरल मोटर्सच्या तारण नसलेल्या रोख्यांची रक्कम सुमारे २७ अब्ज डॉलर होती. त्यांत मोठे फंड होतेच, पण सामान्य घरांतली माणसंही होती. कंपनीने २५ डॉलर दर्शनी किमतीचे रोखे शेअर बाजारात आणून किरकोळ गुंतवणूकदारांना विकले होते. निवृत्तांनी ते तिमाही व्याजासाठी घेतले. आपल्याकडे लोक मोठ्या कंपनीच्या मुदत ठेवीत पैसे ठेवत, त्याच भरवशाने. एप्रिल २००९ मध्ये त्यांना देकार आला : हजार डॉलरच्या रोख्यामागे २२५ शेअर घ्या आणि कर्ज विसरा. सगळ्या रोखेधारकांना मिळून कंपनीचा दहा टक्के हिस्सा. त्यांनी तो नाकारला, आणि नाकारल्यावर न्यायालयाची वाट मोकळी झाली.

नव्या कंपनीची वाटणी झाली ती अशी. अमेरिकन सरकारकडे जवळपास ६१ टक्के. कॅनडा आणि ऑन्टॅरिओ सरकारांकडे मिळून सुमारे १२. निवृत्त कामगारांच्या आरोग्यासाठी युनियनने काढलेल्या विश्वस्त निधीकडे १७.५. जुन्या कंपनीच्या, म्हणजे प्रामुख्याने रोखेधारकांच्या, वाट्याला १० आणि पुढे ठरल्या किमतीला आणखी शेअर घेण्याचा हक्क. निधीचं येणं सुमारे २० अब्ज होतं, रोखेधारकांचं २७. दोघेही विनातारण, म्हणजे कायद्याने एकाच पायरीवर. तरी निधीला जास्त हिस्सा, वर प्राधान्य शेअर आणि अडीच अब्जांची वचनचिठ्ठीही. रोखेधारकांचे वकील संतापले आणि त्यांचा संताप मला समजतो.

न्यायाधीश रॉबर्ट गर्बर यांच्यापुढे शेकडो हरकती आल्या. ५ जुलैला, रविवारी रात्री त्यांनी निकाल दिला. ही योजना कर्ज फेडण्याची नाही, हा मालमत्तेचा विक्रीव्यवहार आहे. सरकारखेरीज दुसरा गिऱ्हाईक नाही. विक्री अडवली तर कंपनी मोडीत निघेल आणि मग रोखेधारकांच्या हाती काहीच लागणार नाही. राहता राहिला निधीचा हिस्सा. तो जुनी कंपनी देत नसून नवा मालक आपल्या पदरचा देतोय, कारण त्याला गाड्या बनवायला हे कामगार हवे आहेत. ज्याची गरज त्याच्याशी त्याने हवा तो सौदा करावा. या निकालामागचं तर्कशास्त्र इतकं उघड आहे की त्यात लपवाछपवी नाही. रोखेधारकाने पैसे दिले होते पूर्वी कधीतरी. उद्याच्या शिफ्टला तो येणार नव्हता.

तारण असलेल्या सावकारांना मात्र पूर्ण पैसे मिळाले. त्यातलं एक प्रकरण कर्ज देणाऱ्या प्रत्येकाने वाचावं असं आहे. जे पी मॉर्गन बँकेच्या पुढाकाराखाली दिलेल्या दीड अब्ज डॉलरच्या कर्जाला कारखान्यांतल्या यंत्रसामग्रीचं तारण होतं. ऑक्टोबर २००८ मध्ये दुसराच एक, याहून बराच लहान व्यवहार मिटवायचा होता. त्याची तारणं सोडवण्याची यादी करताना वकिलांच्या कार्यालयात या मोठ्या कर्जाची नोंदही चुकून आत गेली. कागद दोन्ही बाजूंच्या वकिलांच्या नजरेखालून गेला. कुणाच्या लक्षात आलं नाही. नोंद रद्द झाली आणि सात महिन्यांनी दिवाळखोरी आली. सावकारांचे पैसे लगेच चुकते झाले होते, पण इतर धनकोंच्या वतीने ते परत मागणारा दावा उभा राहिला. तारण सोडायचा हेतू नव्हता, हे सगळ्यांना मान्य होतं. तरी जानेवारी २०१५ मध्ये वरच्या न्यायालयाने सांगितलं की सही अधिकृत होती, कागद बरोबर दाखल झाला होता, तेव्हा तारण गेलं.

*

पुरवठादारांची गोष्ट वेगळी आहे आणि आपल्या भोसरी-चाकणच्या वाचकाला ती सर्वांत लवकर कळेल.

जनरल मोटर्स माल घेतल्यावर सरासरी ४७ दिवसांनी पैसे देई. म्हणजे कुठल्याही दिवशी तिच्या प्रत्येक पुरवठादाराची दीड महिन्याची बिलं तिच्याकडे अडकलेली. चांगल्या काळात ही येणी दाखवून बँकेकडून खेळतं भांडवल मिळतं. कंपनी डळमळू लागली की बँक त्या येण्यांकडे बघतही नाही. पुरवठादाराला पोलाद रोखीने घ्यावं लागतं, पगार द्यावे लागतात, आणि बाहेर पडलेला माल परत येत नाही. त्याच्या मनात दोनच विचार असतात : माल पाठवणं थांबवलं तर हा गिऱ्हाईक कायमचा जाईल, पाठवत राहिलं तर आपण त्याच्यासोबत बुडू.

अमेरिकन कायदा त्याला थोडा आधार देतो. अर्जाच्या आधीच्या वीस दिवसांत पोचलेल्या मालाची किंमत रांगेत वरच्या जागी येते. पण तोच कायदा उलटाही वार करतो. अर्जाआधीच्या नव्वद दिवसांत जुन्या उधारीपोटी मिळालेले पैसे, काही अपवाद सोडले तर, परत मागता येतात.

जनरल मोटर्सच्या थेट पुरवठादारांना या कलमांचा फारसा आश्रय घ्यावा लागला नाही. न्यायालयाने पहिल्याच दिवसांत आवश्यक पुरवठादारांची जुनी बिलं भागवायला परवानगी दिली. नव्या कंपनीने त्यांचे करार उचलले आणि करार उचलायचा तर थकबाकी चुकती करावी लागते. ब्रेक बनवणारा, सीट बनवणारा, वायरिंगचा जुडगा बनवणारा असा एक पुरवठादार जरी अडला तरी लाइन थांबते. एकाच भागासाठी दुसरा कारखाना उभा करायला, साचे हलवायला, नमुने तपासून पास करायला महिने लागतात. म्हणून त्यांचे पैसे वाचले. फोर्डला सरकारी पैसा नको होता. तरी तिचे प्रमुख अॅलन मुलाली प्रतिस्पर्ध्यांना वाचवा म्हणून अमेरिकन संसदेपुढे बोलले, कारण पुरवठादार सामाईक होते. जनरल मोटर्सचा सीटवाला बुडाला असता तर फोर्डची लाइनही थांबली असती.

त्याआधी मार्चमध्ये अमेरिकन अर्थखात्याने पुरवठादारांसाठी पाच अब्ज डॉलरची हमी योजना जाहीर केली होती. बिलांची हमी सरकार घेणार, त्यापोटी दोन-तीन टक्के आकार. योजना ऐकायला उत्तम होती. पण तिच्यात कुणाला घ्यायचं हे मोटार कंपनीने ठरवायचं होतं, आणि ती थेट माल देणाऱ्यांसाठीच होती. त्या पुरवठादाराला नट, स्प्रिंग, रबराची वॉशर देणारा छोटा कारखानदार या योजनेच्या बाहेर राहिला. शेवटी पाच अब्जांपैकी ४१.३ कोटी डॉलरच वापरले गेले.

शिवाय जुनी बिलं मिळाली म्हणून नव्या ऑर्डरी मिळत नाहीत. साठलेल्या गाड्या खपाव्यात म्हणून जनरल मोटर्सने त्या उन्हाळ्यात तेरा कारखाने नऊ आठवड्यांपर्यंत बंद ठेवले. अमेरिकेतली वर्षाची गाडीविक्री २००७ मधल्या सुमारे १.६ कोटींवरून २००९ मध्ये सुमारे १.०४ कोटींवर आली. मेमध्ये व्हिस्टिऑन, हेज लेमर्झ आणि मेटलडाइन, जुलैत सीट बनवणारी लिअर, ऑगस्टमध्ये कूपर-स्टँडर्ड अशा एकामागून एक कंपन्यांनी दिवाळखोरीचे अर्ज केले. या मोठ्या नावांची नोंद झाली. त्यांच्या खालच्या साखळीत मशीनशॉप चालवणाऱ्यांची यादी कुणी केलेली नाही. तिथे बहुधा अर्जही होत नाही. मालक यंत्रं विकतो, घर गहाण असतं ते जातं, आणि वीस-पंचवीस माणसं दुसरीकडे काम शोधायला लागतात.

*

आता कामगार. इथे नियम सगळ्यात कठोरपणे लागू झाला.

फ्लिंटच्या कामगारांनी १९३६-३७ च्या हिवाळ्यात कारखान्यात ठाण मांडून ४४ दिवसांचा संप केला आणि युनायटेड ऑटो वर्कर्स या युनियनला मान्यता मिळवली. १९५० च्या करारात पेन्शन आणि आरोग्यविमा आला. अमेरिकेत पासष्टीच्या आतल्या माणसाला सहसा सरकारी विमा नसतो, असलाच तर मुख्यतः गरिबांना असतो. त्यामुळे निवृत्त कामगाराचं इस्पितळाचं बिल कंपनी देते, याचं मोल आपल्याला चटकन उमगत नाही. २००७ मध्ये युनियनने ही जबाबदारी विश्वस्त निधीकडे घ्यायचं कबूल केलं. कंपनीने निधीत रोख भरायची होती. दिवाळखोरीत त्या रोखीच्या बऱ्याच भागाचे शेअर झाले. म्हणजे निवृत्तांच्या औषधपाण्याची सोय ते जिथे राबले त्याच कंपनीच्या शेअरभावावर टांगली गेली. दातांचा आणि डोळ्यांचा विमा गेला. महागाई भत्ता थांबला. २०१५ पर्यंत संप न करण्याची हमी द्यावी लागली. २००७ मध्येच नव्या कामगारांसाठी ताशी १४ डॉलरचा, जुन्यांच्या निम्मा पगार मान्य झाला होता. आता तो पसरला. मिशिगनमधल्या ओरायन कारखान्याला २००९ मध्ये छोटी गाडी मिळाली, तेव्हा शर्यतीत हरलेलं विस्कॉन्सिनचं जेन्सव्हिल बंदच राहिलं आणि जिंकलेल्या ओरायनमध्ये चाळीस टक्के कामगार कमी पगाराच्या पायरीवर गेले.

तरी या युनियनचं पेन्शन वाचलं. तिच्या सभासदांवाचून नवी कंपनी एक गाडी बनवू शकत नव्हती.

ओहायोतल्या मोरेन कारखान्याचं काय झालं ते याच्या शेजारी ठेवून पाहा. तिथले कामगार त्याच जनरल मोटर्सचे, पण त्यांची युनियन वेगळी, विद्युत उद्योगातल्या कामगारांची आययूई. कारखाना नाताळच्या दोन दिवस आधी, २३ डिसेंबर २००८ ला बंद झाला होता. नव्या कंपनीत या युनियनचं काम जवळजवळ उरलंच नव्हतं. निवृत्तांचा आरोग्यविमा नव्या मालकाने उचलला नाही. युनियन न्यायालयात गेली, हरकत फेटाळली गेली, आणि नंतर झालेली तडजोड मोठ्या युनियनच्या मानाने तुटपुंजी ठरली. गर्बर यांच्या निकालात याचं कारण तेच : खरेदीदाराला ज्याची गरज नाही त्याची जबाबदारी घ्यायला न्यायालय त्याला भाग पाडू शकत नाही. त्याच इमारतीत २०१४ नंतर चीनच्या फुयाओ कंपनीने काचेचा कारखाना काढला. ‘अमेरिकन फॅक्टरी’ या ऑस्कर मिळालेल्या माहितीपटात तिथली एक कामगार सांगते की जनरल मोटर्समध्ये तिला तासाला २९ डॉलरच्या वर मिळत होते, आता १२.८४ मिळतात.

जेन्सव्हिलवर पत्रकार एमी गोल्डस्टीन यांचं पुस्तक आहे. कारखाना गेल्यावर काही कामगार इंडियानातल्या फोर्ट वेनच्या जनरल मोटर्स कारखान्यापर्यंत साडेचार तास गाडी हाकत जायचे, आठवडाभर तिथे राहायचे आणि शुक्रवारी रात्री घरी यायचे. पगार आणि पेन्शनची वर्षं टिकवायला हाच मार्ग होता. बाकीचे नवी कौशल्यं शिकायला तंत्रमहाविद्यालयात गेले. गोल्डस्टीन यांनी अर्थतज्ज्ञांना घेऊन आकडे तपासले, तेव्हा दिसलं की पुन्हा शिकायला गेलेल्यांना न गेलेल्यांपेक्षा नंतर कमी कमाई होत होती. पुनर्प्रशिक्षणाची घोषणा करणाऱ्या प्रत्येक मंत्र्याच्या टेबलावर हा निष्कर्ष असला पाहिजे.

सर्वांत कडवट प्रकरण डेल्फीचं. १९९९ मध्ये जनरल मोटर्सने आपला सुट्या भागांचा विभाग डेल्फी नावाने वेगळा काढला. तो २००५ मध्येच दिवाळखोरीत गेला. २००९ मध्ये डेल्फीची पेन्शन योजना सरकारी विमा महामंडळाकडे गेली. हे महामंडळ ठरावीक मर्यादेपर्यंतच पेन्शन देतं. डेल्फीतल्या युनियनच्या निवृत्तांची तूट नव्या जनरल मोटर्सने भरून दिली, कारण तशी हमी जुन्या करारात होती आणि त्या युनियनशी रोज काम पडत होतं. सुमारे वीस हजार पगारी कर्मचाऱ्यांना, म्हणजे अभियंते, सुपरवायझर, हिशेबनीस यांना, ती मिळाली नाही. त्याच इमारतीत तीस वर्षं काढलेल्या दोन माणसांपैकी एकाचं पेन्शन पूर्ण, दुसऱ्याचं कापलेलं. ते दहा वर्षांहून अधिक काळ न्यायालयात लढले. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. त्याच वर्षी त्यांच्यासाठीचं विधेयक कनिष्ठ सभागृहात मंजूर झालं आणि सिनेटमध्ये अडकलं.

सरकारने जनरल मोटर्समध्ये ४९.५ अब्ज डॉलर घातले होते. डिसेंबर २०१३ मध्ये शेवटचा शेअर विकला तेव्हा करदात्याचा तोटा ११ अब्जांच्या आसपास होता. सरकारने पैसा ओतला नसता तर काय झालं असतं याचा विचार करता तो खर्च मला योग्य वाटतो. पण तो पैसा ओतताना सरकार स्वतःच खरेदीदार होतं. मोरेन आणि डेल्फीच्या निवृत्तांना निराळा न्याय देणं त्याच्या हातात होतं.

२०२३ च्या सप्टेंबरात मोठ्या युनियनने संप केला. पगाराच्या दोन पायऱ्या गेल्या, महागाई भत्ता परत आला. चौदा वर्षांपूर्वी दिलेलं त्यांनी परत मिळवलं ते लाइन थांबवून. २००७ नंतर लागलेल्यांना पेन्शन मात्र तेव्हाही मिळालं नाही.

*

आता आपलं तळेगाव. पुण्याजवळचा हा कारखाना सुरू झाला सप्टेंबर २००८ मध्ये, लेहमन कोसळण्याच्या काही दिवस आधी. गुजरातमधल्या हलोलनंतर जनरल मोटर्सचा हा भारतातला दुसरा. मावळातल्या, खेडमधल्या, त्याहून लांबच्या तालुक्यांतल्या आयटीआय झालेल्या पोरांना अमेरिकन कंपनीचा गणवेश मिळाला. नऊ महिन्यांनी मालक कंपनी दिवाळखोरीत गेली. भारतीय कंपनी त्या अर्जात नव्हती आणि तिचं काम चालू राहिलं. पण पाळंमुळं हलली होती. डिसेंबर २००९ मध्ये भारतातल्या व्यवसायाचा निम्मा हिस्सा शांघायच्या एसएआयसीकडे गेला. तीन वर्षांनी जनरल मोटर्सने ताबा परत घेतला. बीट, स्पार्क, तवेरा चालल्या, पण बाजारातला वाटा वाढला नाही. दिवाळखोरीतून बाहेर आलेली कंपनी आता प्रत्येक देशाला एकच प्रश्न विचारत होती : इथे नफा होतो का? जुलै २०१५ मध्ये भारतात एक अब्ज डॉलर गुंतवण्याची घोषणा झाली. मे २०१७ मध्ये भारतात गाड्या विकणं थांबवण्याची. हलोल बंद झालं. तळेगावात निर्यातीसाठी बीट बनत राहिली, मुख्यतः मेक्सिकोला.

जानेवारी २०२० मध्ये चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सने कारखाना घ्यायचं ठरवलं. जूनमध्ये गलवान खोऱ्यात भारत आणि चीनच्या सैनिकांची चकमक झाली आणि चिनी गुंतवणुकीची परवानगी अडली. २४ डिसेंबर २०२० ला शेवटची गाडी निघाली. कारखाना बंद करायला राज्य सरकारने परवानगी नाकारली. एप्रिल २०२१ मध्ये कंपनीने कोविडच्या साथीचं कारण देऊन १,४१९ कामगारांना ले-ऑफ दिला. ले-ऑफमध्ये कायद्याप्रमाणे मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम मिळते. त्यावर घराचा हप्ता आणि मुलांची फी भागत नाही. कंपनी नुकसानभरपाईचा देकार देत होती, युनियनची मागणी नोकरीची होती. ग्रेट वॉलचा सौदा जून २०२२ मध्ये संपुष्टात आला. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने करार केला. त्यात जमीन होती, इमारती होत्या, काही यंत्रं आणि उत्पादनाची साधनं होती. माणसं नव्हती.

बोलिंग ग्रीनच्या न्यायालयात जे झालं तेच इथे दिवाळखोरीशिवाय झालं. मालमत्ता नव्या मालकाकडे, जबाबदाऱ्या जुन्याकडे. फरक एवढा की डेट्रॉइटच्या कामगाराकडे थांबवायला चालती लाइन होती. तळेगावच्या युनियनने न्यायालयात दाद मागितली, आंदोलनं केली, नव्या मालकाने आम्हाला सामावून घ्यावं असं सरकारला सांगितलं. पण ज्या लाइनवर त्यांचा जोर चालला असता ती डिसेंबर २०२० मध्येच थांबलेली होती.

आपला २०१६ चा दिवाळखोरी कायदा कामगाराला कागदावर बराच वर बसवतो. कंपनी मोडीत निघाली तर कामगारांची चोवीस महिन्यांची देणी तारणधारी बँकांच्या बरोबरीने येतात. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीचा पैसा या वाटणीच्या बाहेर ठेवलेला आहे. इतर कर्मचाऱ्यांची बारा महिन्यांची देणी त्याखाली.  पुरवठादार मात्र बँका, विनातारण वित्तीय कर्जं आणि सरकारी येण्यांच्याही खाली ढकलला गेला आहे. लघुउद्योगांना पंचेचाळीस दिवसांत पैसे द्या, नाही तर बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्या, असा २००६ चा कायदा आहे. चाकणच्या पट्ट्यात मोठ्या कंपनीवर तो उगारणारा व्हेंडर विरळा, कारण पुढची ऑर्डर तिच्याकडूनच यायची असते.

या सगळ्या तरतुदी कालच्या पैशांच्या आहेत. थकलेला पगार, न भागलेलं बिल, न फिटलेला रोखा. नोकरी हे देणं धरलं जात नाही, म्हणून ती कुठल्याच रांगेत नसते. जगातल्या काही कायद्यांत कारखाना विकला की कामगारांचे करारही आपोआप नव्या मालकाकडे जातात; युरोपीय संघात चालत्या उद्योगाच्या विक्रीला हा नियम १९७७ पासून आहे. आपल्या औद्योगिक विवाद कायद्यात मालकी बदलली तर नव्या मालकाने जुन्याच अटींवर कामगार घ्यावेत किंवा जुन्याने भरपाई द्यावी, अशी सोय होती. पण ती चालता उद्योग हातबदल होतो तेव्हाची. आधी उत्पादन थांबवायचं, मग नुसती जमीन आणि इमारत विकायची, या मार्गाने ती सोय बाजूला पडते. तळेगावनंतर महाराष्ट्राच्या विधिमंडळाने निदान या फटीची चर्चा करायला हवी होती. एमआयडीसीची जमीन सरकार देतं, हस्तांतराला परवानगी सरकार देतं, नव्या मालकाला सवलतींचं पॅकेजही सरकारच देतं. त्या पॅकेजच्या अटींत जुन्या कामगारांना पहिली संधी देण्याची एक ओळ घालायला नवा कायदाही लागत नाही.